समुद्रातून आलेलं आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने का धुतात? मिठाचं, गंजाचं आणि एका पिंपाचं गणित

खंडाळ्यात समुद्र नाही. राजमाची पॉइंटवरून खाली कोकण दिसतं, आणि पावसाळ्यात तेही ढगात गेलेलं असतं. मग घाटावरच्या वाचकाने बोटीच्या इंजिनाबद्दल कशाला वाचायचं?

कारणं आहेत. एक तर आपल्याकडची अर्धी पोरं वीकेंडला घाट उतरून अलिबाग, नागाव, काशीदला जातात आणि तिथल्या बोटींत बसतात. दुसरं, पवनेच्या काठावर ज्या मोटरबोटी दिसतात, तशा बोटींना लागणारी इंजिनं सेकंडहँड बाजारातही मिळतात आणि त्यातली बरीच आधी समुद्रात चाललेली असू शकतात. आणि तिसरं कारण जरा मजेशीर आहे. लोणावळ्याहून भुशी डॅम, लायन्स पॉइंटकडे जाताना आयएनएस शिवाजी लागतं, तिथे नौदल आपल्या लोकांना जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण देतं. १५ फेब्रुवारी १९४५ पासून! म्हणजे खाऱ्या पाण्याशी झगडणाऱ्या यंत्रांचा अभ्यास समुद्रापासून सहाशे मीटर उंचीवर, आपल्या शेजारी चालतो.

तर आज बघू, बोट किनाऱ्याला लागली की जाणता माणूस सगळ्यात आधी नळाचा पाइप का शोधतो.

आउटबोर्ड म्हणजे नक्की काय?

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड. कोकणात कुणी त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणेल, कुणी ‘ओबीएम’. वर झाकणाखाली खरं इंजिन, मधे उभा पाय, खाली गिअर आणि पंखा. अमेरिकेत ओले एव्हिनरूडने १९०९ च्या सुमारास अशी इंजिनं विकायला काढली आणि ढाचा आजही बराचसा तोच आहे.

आता बाइकशी तुलना करा. तुमच्या बाइकचं इंजिन हवेने थंड होतं, किंवा रेडिएटरमधल्या कूलंटने. ते कूलंट बंद नळ्यांतून फिरत राहतं, बाहेरचं पाणी इंजिनाला शिवत नाही. मोठ्या जहाजांतही असंच असतं. आतल्या फेरीत गोडं पाणी फिरतं, समुद्राचं पाणी फक्त त्या गोड्या पाण्याला बाहेरून थंड करतं.

आउटबोर्डला हे चोचले परवडत नाहीत. ते हलकं हवं, दोन माणसांनी उचलता यावं असं हवं. त्यामुळे बहुतेक आउटबोर्ड ज्या पाण्यात चालतात तेच पाणी थेट पोटात घेतात. पायाच्या खालच्या भागात जाळ्या असतात, तिथून पाणी आत येतं. वर एक छोटा रबरी पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो ते पाणी वर ढकलतो. पाणी सिलिंडरच्या भोवतालच्या पोकळ्यांतून फिरतं, गरम होतं आणि बहुतेक सगळं धुराबरोबर खाली पाण्यातच बाहेर पडतं. थोडंसं पाणी बाजूच्या एका भोकातून बारीक धारेने बाहेर उडतं. बोटीत बसल्यावर मागे बघा, ती धार दिसेल. ती शोभेसाठी नसते. पंप चालू आहे आणि इंजिनाला पाणी मिळतंय, याची ती पावती असते.

म्हणजे समुद्रात एक तास फिरलात, तर तो पूर्ण तास इंजिनाच्या आतून खारं पाणी वाहत होतं. चालू असताना फारसं बिघडत नाही. खरी गडबड इंजिन बंद केल्यावर सुरू होते.

मीठ आत राहतं म्हणजे किती?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन बंद केलं की बरंचसं पाणी खाली निथळतं, पण कोपऱ्याकोपऱ्यांत थोडं अडकून राहतं. समजा १०० मिली राहिलं. इंजिन अजून गरम आहे, पाणी वाफ होऊन जातं, मीठ जात नाही. साडेतीन ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा मीठ आत सुकून बसलं. पुढच्या फेरीत नवं पाणी येऊन यातलं बरंच विरघळवून नेतं, हे खरं. पण सगळं नेत नाही. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाशिवाय कॅल्शियमचेही क्षार असतात. ते गरम पृष्ठभागावर घट्ट धरतात, अगदी गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तसे. हा थर नुसत्या पाण्याने लवकर सुटत नाही. वाट अरुंद होत जाते, पाणी कमी फिरतं, इंजिन जास्त तापतं, जास्त तापलं की थर आणखी बसतो. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबवणं महागात पडतं.

आणि सुकलेलं मीठ खरंच सुकलेलं नसतं. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढतं. आता विचार करा, अलिबागला वापरलेलं इंजिन न धुता मेअखेर खंडाळ्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते. ते इंजिन चार महिने आतून ओलंच राहणार. समुद्र ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब, पण इंजिनाच्या मते ते अजून समुद्रातच आहे.

गंज नक्की कसा लागतो?

आउटबोर्डचा सांगाडा बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियम स्वतःचं रक्षण स्वतः करतं. हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि आतला धातू झाकला जातो. ओरखडा पडला तर थर पुन्हा बनतो. साध्या पाण्यात ही व्यवस्था छान चालते.

मिठातला क्लोराइड हा थर जागोजागी फोडतो. सगळीकडे सारखा नाही, बारीक बारीक खड्डे पाडतो. म्हणून लोखंडाच्या तांबड्या गंजासारखं काही दिसत नाही. वरून रंग थोडा फुगलेला, खाली पांढरी पूड, आणि तिच्याखाली खोल गेलेला खड्डा. बाहेरून ठीकठाक दिसणारं इंजिन आतून पोखरलेलं असू शकतं ते यामुळेच.

दुसरा प्रकार विजेचा आहे. इंजिनात एकच धातू नसतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, स्टेनलेसचा दांडा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी. खारं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभर पटीच्या आसपास जास्त चांगली वीज वाहून नेतं. या बॅटरीत दुबळा धातू झिजतो, आणि इथे दुबळं असतं ॲल्युमिनियम. जुन्या इंजिनाचा बोल्ट फिरवायला गेलं की तो जागचा हलत नाही आणि शेवटी मान तुटून हातात येते, ती याच प्रकाराची करामत. मेकॅनिकला विचारा, असा एक तुटका बोल्ट काढण्यात अख्खा दिवस जातो.

यावरचा उपाय जुना आहे. १८२४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही ब्रिटिश नौदलासाठी याच प्रश्नावर काम करत होता. तेव्हा लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत आणि समुद्र ते पत्रे खात असे. डेव्हीने तांब्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण एक घोळ झाला. तांबं झिजत होतं म्हणूनच त्याचा विषारी अंश पाण्यात उतरून शिंपल्यांना, शेवाळाला लांब ठेवत होता. झिजणं थांबलं तशी तळाला शिंपल्यांची वस्ती झाली आणि जहाजं मंदावली! नौदलाने ती योजना सोडून दिली, पण कल्पना टिकली. तुमच्या आउटबोर्डच्या पायाला जो राखाडी धातूचा ओबडधोबड तुकडा लावलेला असतो, तो अ‍ॅनोड म्हणजे तीच कल्पना. तो झिजण्यासाठीच लावलेला आहे. त्याला कधी रंग लावायचा नाही, आणि अर्धा संपला की बदलायचा.

इथे घाटावरच्या लोकांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा अ‍ॅनोड चालतो, पण धरणाच्या गोड्या पाण्यात त्याच्यावर थर धरतो आणि तो कामच थांबवतो. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा लागतो. घरच्या गिझरच्या टाकीतही बहुधा मॅग्नेशियमचीच कांडी असते, कारण तेच. उलट मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड घेऊन बोट समुद्रात नेली तर तो भराभर विरघळून जातो. ॲल्युमिनियमचा अ‍ॅनोड खाऱ्या आणि मचूळ दोन्ही पाण्यांत चालतो. थोडक्यात, बोट पवनेवरून अलिबागला किंवा अलिबागहून पवनेवर आली, तर फक्त ट्रेलर बदलून भागत नाही.

धुवायचं कसं?

आता मुख्य काम. तीन पद्धती आहेत आणि कुठली वापरायची हे तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल सांगतं. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ मिळतं, मोबाइलवर उतरवून ठेवा.

पहिली पद्धत हेडफोनची. रबराच्या दोन वाट्या आणि त्यांना जोडलेली तार, दिसायला अगदी हेडफोन. त्या पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी बसवायच्या, त्याला नळाचा पाइप जोडायचा. आधी पाणी सोडायचं, मग इंजिन चालू करायचं. हा क्रम उलटा करू नका! इम्पेलर रबराचा आहे आणि त्याचं वंगण म्हणजे पाणीच. कोरडा फिरला तर काही सेकंदांत त्याची पाती घासून, भाजून निकामी होतात. रील्समध्ये कुणी जमिनीवर ठेवलेलं आउटबोर्ड ‘आवाज ऐका’ म्हणून कोरडंच सुरू करून दाखवतो, त्याला लाइक देण्याआधी हे आठवा.

इंजिन न्यूट्रलला, एकदम मंद, पाच ते दहा मिनिटं. शक्य असेल तर खालचा पंखा काढून ठेवा, निदान लहान मुलं आणि लोंबते कपडे लांब ठेवा. बाजूची धार जोरात यायला हवी. इतका वेळ कशासाठी? इंजिनात थर्मोस्टॅट नावाची झडप असते, ती इंजिन तापल्याशिवाय पूर्ण उघडत नाही. दोन मिनिटांत बंद केलंत तर झडपेच्या पलीकडे गोडं पाणी पोचलेलंच नसतं. धार दिसली म्हणजे धुणं झालं, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो चुकीचा आहे.

दुसरी पद्धत नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांची. त्यांना पाइप जोडायला वेगळं तोंड दिलेलं असतं. पाइप लावा, दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा, झालं. पण इथे बऱ्याच मॉडेलांत इंजिन बंद ठेवायचं असतं, कारण पाणी वरून येतं आणि खालचा इम्पेलर कोरडा राहू शकतो. काही मॉडेलांत मंद चालवायला परवानगी असते. म्हणून पुन्हा मॅन्युअल. ही पद्धत सोपी आहे, आवाज नाही, जेट्टीवर बोट पाण्यात असतानाही करता येते, आणि सोपी असल्यामुळे माणसं ती खरंच करतात. माझ्या मते कंपन्यांनी केलेल्या सुधारणांमध्ये ही सगळ्यात कामाची आहे.

तिसरी पद्धत पिंपाची. दोनशे लिटरचं पिंप गोड्या पाण्याने भरायचं, इंजिनाचा पाय त्यात सोडायचा, पाण्याची पातळी जाळ्यांच्या चांगली वर हवी, आणि न्यूट्रलमध्ये मंद चालवायचं. ज्या बंदरावर नळालाच एक दिवसाआड पाणी येतं तिथे पाइप सोडून ठेवणं परवडत नाही, तिथे पिंप बरं. आता गणित करू. इंजिनातून दोन लिटर खारं पाणी पिंपात आलं असं धरा. म्हणजे ७० ग्रॅम मीठ २०० लिटरमध्ये, लिटरला ०.३५ ग्रॅम, समुद्राच्या शंभराव्या हिश्शाइतकं. उत्तम. पण त्याच पाण्यात ओळीने दहा इंजिनं धुतली तर ७०० ग्रॅम, लिटरला साडेतीन. ते पाणी मचूळ झालं, आता शेवटचं इंजिन धुतलंय म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय धूरही त्याच पाण्यात सुटतो, त्यामुळे तेलाचा तवंग येतो. ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. पवनेच्या काठावर तर मुळीच नाही, पिंपरी-चिंचवड त्या धरणाचं पाणी पितं.

कुठल्याही पद्धतीने धुतलं तरी नंतर इंजिन उभं ठेवा. आडवं किंवा वर उचललेलं ठेवलं तर आतलं पाणी निथळत नाही. बाहेरूनही गोडं पाणी मारा, पण झाकण काढून आत पाइपचा जोर लावू नका, तिथे वायरी आणि सेन्सर आहेत. आत ओल्या फडक्याने पुसून गंजरोधक स्प्रे मारला की पुरे.

खाडीत फिरलो, मग पण धुवायचं?

हो. खाडीचं पाणी भरतीला खारं, ओहोटीला मचूळ आणि पावसात जवळजवळ गोडं असतं. वळवण, शिरोता, लोणावळा इथल्या तलावांचं पाणी १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या वीजघरात उतरतं, तिथून पाताळगंगेत आणि पुढे धरमतरच्या खाडीत जातं. आपल्याकडून निघताना ते अगदी गोडं असतं, खाली खाडीत समुद्र त्यात मीठ मिसळतो. मीठ कमी असलं तरी क्लोराइड तो क्लोराइडच. वर खाडीत चिखल जास्त. तो बारीक गाळ इम्पेलरची पाती घासतो आणि पोकळ्यांत बसतो. खाडीतून आलेलं इंजिन समुद्रातून आलेल्यापेक्षा जास्त काळजीने धुवावं असं मी म्हणेन.

आणि ज्यांची बोट फक्त धरणात चालते त्यांना रोज धुवायची गरज नाही, गाळ असेल तर अधूनमधून पुरे.

न धुतल्याने होतं काय?

पैशांचं आधी. चांगलं आउटबोर्ड लाखांत जातं. मासेमारी करणाऱ्या कुटुंबासाठी किंवा मालवणला पर्यटकांना फिरवणाऱ्यासाठी ते घरातलं सगळ्यात महाग यंत्र असू शकतं, आणि त्यावर कर्ज असतं. ते काही हंगाम आधीच गेलं तर हप्ते चालू आणि बोट बंद.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. मिठाने वाट बुजलेलं इंजिन किनाऱ्यावर बंद पडत नाही. ते जोर लागतो तेव्हा तापतं, म्हणजे वारा सुटलाय, ओहोटीचा ओढ आहे आणि बोट माणसांनी भरलेली आहे तेव्हा. नवी इंजिनं अलार्म देऊन स्वतःच वेग कमी करतात, जुनी सरळ जाम होतात. त्यामुळे तुम्ही नुसते प्रवासी असाल तरी बोटीत चढल्यावर दोन गोष्टी बघाच. अंगावर लाइफ जॅकेट, आणि मागे ती धार. धार थेंब थेंब येत असेल तर चालवणाऱ्या दादांना सांगा. बऱ्याचदा भोकात कचरा अडकलेला असतो आणि तारेने निघतो. तारेनेही धार आली नाही, तर ती फेरी सोडलेली बरी.

आणि आपल्या खिशातलं यंत्र?

फोनवर आयपी६८ लिहिलेलं असतं ना, ती चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते. समुद्राचं पाणी चार्जिंगच्या पोर्टमध्ये गेलं तर आत वर सांगितलेलाच खेळ सुरू होतो, उलट जास्त वेगाने, कारण तिथे बॅटरीची वीज हजर असते. पाणीरोधक फोन खाऱ्या पाण्यात पडला तर बंद करा, हलक्या धारेच्या गोड्या पाण्याने पोर्ट धुवा, पोर्ट खाली करून पूर्ण सुकू द्या, तोवर चार्जर लावू नका. तांदळात ठेवायचा नाही. ॲपलनेच २०२४ मध्ये तसं सांगितलं, तांदळाचे बारीक कण आत जातात म्हणून. पाणीरोधक नसलेल्या फोनला हा प्रयोग करू नका, तो बंद करून सरळ दुकानात न्या. बीचवर नेलेल्या बाइकची चेन आणि डिस्क त्याच दिवशी धुणं हेही याच खात्यातलं.

सेकंडहँड इंजिन घेताय?

मासेमारी बंदीचा काळ, साधारण १ जून ते ३१ जुलै, हा इंजिन उघडून बघायचा काळ. बोटी वर ओढलेल्या असतात आणि मेकॅनिककडे वेळही असतो. घाटावर आणण्यासाठी इंजिन घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका, नवा रंग तर उलट संशयाने बघा. रंगाखाली फोड आहेत का ते बोट फिरवून तपासा. अ‍ॅनोड बघा. झिजलेला अ‍ॅनोड वाईट नाही, तो काम करत होता. वर्षानुवर्षं समुद्रात चालूनही अ‍ॅनोड नवाकोरा असेल किंवा त्यावर रंग मारलेला असेल तर झीज दुसरीकडे कुठेतरी झालीय. गिअरचं तेल काढून बघा. दुधासारखं पांढरं असेल तर आत पाणी गेलंय. पाच-दहा मिनिटं पिंपात चालवायला सांगा आणि धारेचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, पुढे तुलनेला उपयोगी पडतो.

शेवटी मेकॅनिकला थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला सांगा. त्या झाकणाला दोन-चारच बोल्ट असतात आणि आतला पांढरा थर लगेच दिसतो. विकणारा ‘बोल्ट जाम आहेत, नका उघडू’ म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे.